रडारवरच्या ठिपक्याला उंची नव्हती

या भागाचं हे लिखित रूप. विषय आकड्यांचा आहे आणि ऐकताना आकडे निसटतात, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहिलंय. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांना काही वाक्यं ओळखीची वाटतील.

सुरुवात एका साध्या प्रसंगाने करतो. मी बंगळुरूत सॉफ्टवेअरचं काम करतो. गणपतीला घरी येताना मुंबईवर आमचं विमान वीस-पंचवीस मिनिटं नुसतं घिरट्या घालत होतं. वैमानिकाने नेहमीचं ते वाक्य ऐकवलं, की खाली गर्दी आहे, आपला नंबर अजून लागलेला नाही. शेजारचे काका वैतागून म्हणाले, "समोर धावपट्टी दिसतेय, उतरवायला काय होतंय यांना?" मला हसू आलं. पण उत्तर मलाही धड माहीत नव्हतं. ते शोधायला बसलो आणि वाचत वाचत १९९६ सालच्या दिल्लीपर्यंत जाऊन पोचलो.

आधी काकांच्या प्रश्नाचं उत्तर. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवता येत नाहीत. तरीही २०१८ मध्ये या विमानतळाने एका दिवसात हजाराहून जास्त विमानांची ये-जा सांभाळली. भागाकार करून बघा. दर दीड मिनिटाला एक विमान, तेही चोवीस तास.

आता ही विमानं एकामागोमाग एक आणायची तर त्यांच्यात अंतर ठेवावं लागतं. त्याचा मूळ नियम सोपा आहे. दोन विमानांमध्ये एक तर उंचीत किमान १००० फूट अंतर हवं, नाही तर आडवं काही नॉटिकल मैल. विमानतळाच्या जवळ, रडारच्या नजरेखाली, हे आडवं अंतर साधारण ३ नॉटिकल मैल असतं, म्हणजे साडेपाच किलोमीटर. दोन्हींपैकी एक तरी कायम शाबूत पाहिजे. शिवाय मोठ्या विमानामागे हवेचे भोवरे तयार होतात. म्हणून ७४७ सारख्या जड विमानाच्या मागून ए३२० येत असेल तर ५ मैल सोडावे लागतात, आणि अगदी छोटं विमान असेल तर ६.

साडेपाच किलोमीटर ऐकायला भरपूर वाटतात. पण उतरणारं विमान साधारण १४० नॉट्सने येतं. त्या वेगाने ३ मैल म्हणजे सव्वा मिनिट. हे सव्वा मिनिट राखणाऱ्या माणसाला ॲप्रोच कंट्रोलर म्हणतात. टॉवरच्या काचेतून बघणारा माणूस वेगळा. ॲप्रोचवाला बऱ्याचदा खिडकी नसलेल्या, अंधाऱ्या खोलीत बसतो आणि त्याला विमान दिसतच नाही. त्याला दिसतात पडद्यावरच्या खुणा आणि ऐकू येतात आवाज. आजचा सगळा इतिहास याच एका गोष्टीभोवती फिरतो. कंट्रोलरला विमान जिथे आहे असं वाटतं आणि विमान खरोखर जिथे असतं, त्या दोन जागा एकच आहेत हे कशावरून?

झेंडा, फळा आणि टेलिफोन

१९२९ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराने आर्ची लीग नावाच्या माणसाला विमानतळावर नेमलं. जगातल्या पहिल्या कंट्रोलर्सपैकी तो एक. त्याचं कार्यालय म्हणजे एक ढकलगाडी. तीत खुर्ची, उन्हासाठी मोठी छत्री, वही, जेवणाचा डबा आणि दोन झेंडे. लाल झेंडा म्हणजे थांब, चौकटीचा म्हणजे जा. विमान डोळ्यांसमोर असायचं, त्यामुळे वरच्या प्रश्नाला जागाच नव्हती. बघितलं की कळलं.

१९३५ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कजवळच्या नुअर्कमध्ये काही विमान कंपन्यांनी मिळून वाहतूक नियंत्रणाचं पहिलं केंद्र काढलं. पुढच्या वर्षी ते सरकारने आपल्याकडे घेतलं. तिथे फळा होता, टेबलावर नकाशा होता आणि नकाशावर सरकवायच्या छोट्या खुणा होत्या. एक खूण म्हणजे एक विमान. पण कंट्रोलर वैमानिकाशी थेट बोलूच शकत नव्हता! वैमानिक रेडिओवरून आपल्या कंपनीच्या माणसाला जागा कळवणार, तो माणूस टेलिफोनवरून केंद्राला सांगणार, मग इथे खूण दोन बोटं पुढे सरकणार. म्हणजे विमान आता डोळ्यांपुढे नव्हतं. नकाशावर होता तो वैमानिकाचा शब्द, आणि सुरक्षित अंतर ठेवलं जायचं ते दोन शब्दांमध्ये.

मग रडार आलं. वाटलं, प्रश्न मिटला.

न्यूयॉर्क, १९६०

१६ डिसेंबर १९६०, सकाळची वेळ. न्यूयॉर्कवर बर्फ आणि ढग. युनायटेडचं एक डीसी-८ जेट आयडलवाइल्ड विमानतळाकडे येतंय (आजचं केनेडी विमानतळ ते हेच) आणि टीडब्ल्यूएचं एक कॉन्स्टलेशन ला गार्डियाकडे. दोन विमानतळ, दोन वेगळे कंट्रोलर. युनायटेडला सांगितलं होतं की प्रेस्टन नावाच्या ठरलेल्या जागी पोचलात की तिथे घिरट्या घाला. थोड्याच वेळापूर्वी त्यांना जवळचा रस्ता मिळाला होता, म्हणजे प्रेस्टन आता अपेक्षेपेक्षा लवकर येणार होतं. त्यात विमानावरच्या दोन दिशादर्शक रिसीव्हरपैकी एक बंद पडलेला. वैमानिकांनी हे कंपनीला कळवलं होतं, कंट्रोलरला नाही.

युनायटेडने सांगितलं, "प्रेस्टनच्या जवळ येतोय." प्रत्यक्षात ते प्रेस्टन ओलांडून कितीतरी मैल पुढे गेलेले होते.

ला गार्डियाच्या कंट्रोलरला पडद्यावर एक ठिपका टीडब्ल्यूएच्या दिशेने सरकताना दिसला. त्याने टीडब्ल्यूएला दोनदा सावध केलं. पण तो ठिपका कोणाचा आणि किती उंचीवर, हे सांगायची सोय त्या रडारमध्ये नव्हती. साधं रडार लहरी सोडतं, त्या विमानाच्या पत्र्यावर आपटून परत येतात आणि पडद्यावर ठिपका उमटतो. त्याला नाव नसतं, उंचीही नसते. कदाचित तो तीन हजार फूट वरून जाणारा असेल, कदाचित नसेल.

दोन्ही विमानांतले १२८ जण आणि ब्रुकलिनच्या रस्त्यावरचे ६ जण गेले. एकूण १३४.

त्यानंतर दोन गोष्टींना जोर आला. विमानतळाजवळ येताना वेगावर मर्यादा आली. आज दहा हजार फुटांखाली २५० नॉट्सची जी मर्यादा बहुतेक ठिकाणी असते, तिचं मूळ इथे आहे. दुसरी गोष्ट ट्रान्सपाँडर. विमानात एक पेटी बसवायची, जी जमिनीवरच्या रडारने विचारलं की स्वतःचा क्रमांक आणि उंची सांगते. यालाच दुय्यम रडार म्हणतात. साधं रडार नुसतं बघतं, दुय्यम रडार विचारतं.

पण ही पेटी सगळ्यांकडे नव्हती. ३१ ऑगस्ट १९८६ ला लॉस एंजेलिसला उतरायला येणाऱ्या एरोमेक्सिकोच्या डीसी-९ ला एक छोटं पायपर विमान धडकलं. पायपर चुकून परवानगीशिवाय त्या हद्दीत शिरलं होतं आणि त्याच्या ट्रान्सपाँडरमध्ये उंची सांगायची सोय नव्हती. ८२ जण गेले, त्यातले १५ जमिनीवरचे. यानंतर अमेरिकेने टीकॅस सक्तीचं केलं. टीकॅस म्हणजे विमानातच बसवलेलं यंत्र, जे आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरशी स्वतः बोलतं आणि टक्कर होतेय असं दिसलं तर वैमानिकाला 'वर जा' किंवा 'खाली जा' असं ओरडून सांगतं. १९९३ च्या अखेरीपर्यंत तिथल्या सगळ्या मोठ्या प्रवासी विमानांत ते बसलं.

म्हणजे १९९३ ला उपाय तयार होता आणि वापरातही होता. आता दिल्लीला येऊ.

१२ नोव्हेंबर १९९६

संध्याकाळी ६ वाजून ३२ मिनिटांनी सौदीचं ७४७ दिल्लीहून धहरानला निघालं. आत ३१२ जण. बरेचसे भारतीय, त्यातले कितीतरी जण आखातात कामाला निघालेले. त्याच वेळी कझाकस्तानच्या शिमकेंतहून एक इल्यूशिन-७६ दिल्लीत उतरायला येत होतं. आत ३७ जण, त्यांत दिल्लीत माल खरेदी करायला येणारे व्यापारी.

त्या काळी दिल्लीच्या भोवतालचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे राखीव होतं. प्रवासी विमानांना येण्याजाण्यासाठी उरलेली पट्टी एकच. ज्या रस्त्याने विमानं बाहेर पडायची त्याच रस्त्याने समोरून आत यायची. डिव्हायडर नसलेला घाट डोळ्यांसमोर आणा. फक्त इथे डिव्हायडर उभा नसून आडवा होता, १००० फूट जाडीचा आणि केवळ तोंडी.

ॲप्रोच कंट्रोलर होते व्ही. के. दत्ता. त्यांनी कझाक विमानाला १५,००० फुटांपर्यंत उतरायला सांगितलं. सौदीला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलं, अजून वर जायची परवानगी नंतर मिळेल म्हणाले. नियमात अगदी चोख बसणारं काम. दिल्लीपासून ४६ मैलांवर असताना कझाक विमानाने कळवलं की आम्ही १५० ला पोचलो, म्हणजे १५,००० फुटांवर. दत्तांनी त्यांना समोरून येणाऱ्या सौदी ७४७ ची कल्पना दिली आणि दिसलं तर कळवा म्हणाले. कझाकने अंतर विचारलं. उत्तर गेलं, चौदा मैल. पाठोपाठ समोरच्या विमानाची उंचीही सांगितली, १४०. कझाक म्हणाले, बघतोय.

दत्तांसमोरचं रडार साधं होतं. १९६० च्या न्यूयॉर्कसारखं. पडद्यावर दोन ठिपके एकमेकांकडे सरकत होते आणि ते सरकणारच होते, कारण रस्ता एकच. एक ठिपका दुसऱ्यावरून जाणार आणि मग दोघं लांब जाणार, हे रोजचंच दृश्य. दुय्यम रडार दिल्लीत येऊ घातलं होतं, पण अजून वापरात आलेलं नव्हतं. त्यामुळे १५,००० हा आकडा दत्तांना फक्त कानाने कळला होता. डोळ्यांनी तो पडताळायची सोय नव्हती.

कझाक विमान १५,००० वर थांबलंच नव्हतं. ते खाली येतच राहिलं.

इल्यूशिनमध्ये टॉवरशी बोलायचं काम वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे असायचं. इंग्रजी ऐकायचं त्याने आणि विमान चालवायचं दुसऱ्यांनी. त्याच्यापुढे स्वतःचे उंचीदर्शक काटे नव्हते, वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून बघावं लागे. शिवाय सोव्हिएत पद्धतीत वाढलेल्या या वैमानिकांना उंची मीटरमध्ये मोजायची सवय, आणि दिल्लीत सगळं फुटांत. शेवटच्या काही सेकंदांत रेडिओ ऑपरेटरच्याच लक्षात आलं. आपण १५० वर असायला हवं, १४० वर तर तो दुसरा आहे, असं तो ओरडला. विमानाला जोर देऊन वर घ्यायला सुरुवात झाली. तसंच खाली जात राहिले असते तर कदाचित सौदी विमानाच्या पोटाखालून निसटले असते, असं मानलं जातं.

६ वाजून ४० मिनिटं. जवळून जाणाऱ्या अमेरिकन हवाई दलाच्या एका मालवाहू विमानाच्या वैमानिकाने ढगात मोठा लालसर उजेड दिसल्याचं कळवलं. दत्ता दोन्ही विमानांना हाका मारत राहिले. पडद्यावर ठिपका उरला नव्हता. हरियाणात चरखी दादरीच्या आसपासच्या शेतांमध्ये अवशेष पडले. ३४९ पैकी एकही वाचलं नाही. हवेतल्या टकरीत इतकी माणसं आधीही कधी गेली नव्हती, नंतरही नाही.

चूक कोणाची?

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांनी चौकशी केली. पुढे ते भारताचे सरन्यायाधीशही झाले. निष्कर्ष स्पष्ट होता. कझाक विमान दिलेली उंची सोडून खाली आलं, चूक त्या वैमानिकांची. दत्तांनी दिलेल्या सूचना बरोबर होत्या.

इथे मी थोडा थांबतो, कारण माझ्या कामाचा संबंध येतो. मध्यंतरी आमच्याकडे एका प्रणालीत पैसे परत करायचं काम चालायचं. एक सर्व्हिस दुसरीला सांगायची 'पैसे परत कर', दुसरी उत्तर द्यायची 'झालं'. आम्ही 'झालं' ऐकलं की नोंद बंद करायचो. तीन आठवड्यांनी कळलं की शेकडो नोंदींत पैसे गेलेच नव्हते. दुसरी सर्व्हिस 'झालं' म्हणत होती ते 'निरोप मिळाला' या अर्थाने. बैठकीत सगळे एकच विचारत होते, बग कोणाच्या कोडमध्ये? उत्तर सोपं होतं, दुसऱ्या सर्व्हिसच्या. पण आमच्या एका वरिष्ठ ताई म्हणाल्या, "ते ठीक आहे रे, पण तीन आठवडे आपल्याला कळलं का नाही?"

आमच्याकडे फक्त पैसे अडकले होते. तरी तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. चूक कझाक वैमानिकांची, हे खरं. पण माणूस चुकणार हे गृहीतच असतं, म्हणून तर कंट्रोलर नेमलेला असतो. त्या संध्याकाळी त्याच्याकडे चूक पकडायचं साधनच नव्हतं. त्याने सगळं बरोबर केलं आणि तरी ३४९ माणसं गेली. न्यूयॉर्कला छत्तीस वर्षं झाली होती, लॉस एंजेलिसला दहा. यंत्र जगात होतं, पण दिल्लीच्या पडद्यापाशी नव्हतं आणि त्या दोन विमानांतही नव्हतं. मला दोषाची यादी लिहायला सांगितली तर पहिलं नाव कझाक वैमानिकांचंच येईल, पण यादी तिथे संपणार नाही.

समाधान एवढंच की तेव्हा चौकशी नाव लिहून थांबली नाही. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे रस्ते वेगळे झाले. दिल्लीत दुय्यम रडार सुरू झालं आणि ठिपक्याशेजारी उंची दिसू लागली. भारतात ये-जा करणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानांना टीकॅस सक्तीचं झालं.

आणखी एक गाठ

इथे संपवलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. पण १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीत युबरलिंगेनच्या वर, टीकॅस असलेलीच दोन विमानं धडकली. ७१ जण गेले, त्यांत बरीच शाळकरी मुलं. ही विमानं उतरत नव्हती, खूप वरून चालली होती, पण संबंध आहे म्हणून सांगतो. एका विमानाला यंत्र सांगत होतं 'वर जा' आणि कंट्रोलर सांगत होता 'खाली जा'. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. दुसऱ्या विमानाला त्याच्या यंत्राने खालीच जायला सांगितलं होतं. दोन्ही खाली गेली. कंट्रोलर त्या रात्री एकटा दोन जागांचं काम बघत होता. दोन वर्षांनी, बायको आणि मुलं गमावलेल्या एका माणसाने त्याचा जीव घेतला.

मग नियम पक्का झाला. यंत्र ओरडलं तर आधी यंत्राचं ऐकायचं, मग कंट्रोलरला कळवायचं. पडताळणीचं साधन आणलं म्हणजे भागत नाही. दोन साधनं वेगवेगळं बोलली तर कोणाचं मानायचं, हेही आधीच ठरवून ठेवावं लागतं.

परत मुंबईवर

आज कंट्रोलर आकडा सांगतो, वैमानिक तो परत म्हणून दाखवतो, कंट्रोलर ते ऐकून खात्री करतो. त्याच वेळी पडद्यावर विमानाने स्वतः पाठवलेली उंची दिसते. आधुनिक रडारवर तर वैमानिकाने कॉकपिटमध्ये कोणता आकडा लावून ठेवलाय हेही दिसू शकतं. म्हणजे सांगितलं १५,००० आणि लावलं १४,०००, तर विमान खाली जायच्या आधीच विचारता येतं, "तुमच्या उंचीची खात्री करा." १९९६ च्या संध्याकाळी हे एक वाक्य बोलायला दत्तांकडे कारणच नव्हतं.

त्या दिवशी मुंबईवर आमचा नंबर लागला तेव्हा खिडकीतून बघितलं. पुढचं विमान नुकतंच धावपट्टीवर टेकलं होतं, मागे कुठेतरी पुढच्याचे दिवे दिसत होते. शेजारचे काका बॅग काढायच्या तयारीत. त्यांना तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगतो. काका, धावपट्टी दिसत होती हे खरं. पण आपल्या पुढचा कुठे आहे आणि मागचा कुठे आहे, हे खाली एक माणूस कानाने ऐकून परत डोळ्यांनी तपासत होता. त्याला तेवढा वेळ लागतो.

पुढच्या भागात भेटू. काही चुकलं असेल तर नक्की कळवा, दुरुस्ती इथेच टाकू.